अल्टिमेटची पहिली टूर्नामेंट: शनिवार सकाळ ते रविवार संध्याकाळ

क्लबच्या अल्टिमेटच्या (फ्लाइंग डिस्क एकमेकांना देत पुढे नेण्याच्या खेळाच्या) सरावाला दोन-तीन महिने झाले, ग्रुपवर टूर्नामेंटची तारीख पडली आणि कॅप्टनने तुमचं नाव रोस्टरमध्ये घातलं. आता तुम्ही लिंबूटिंबू नाही. पूर्ण गडी आहात, आणि तेही अशा खेळातले जिथे रेफरी नसतो. फाउल तुम्हीच पुकारायचा, समोरच्याने पुकारलेला मान्य की अमान्य हेही तुम्हीच सांगायचं. त्यामुळे तयारी पायांची जितकी, तितकीच नियमांची.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. नवखा खेळाडू टीमला महागात पडतो तो वाईट थ्रोमुळे कमी आणि नको तिथे उभं राहिल्यामुळे जास्त. पुढचं बरंचसं लिखाण त्याभोवतीच फिरतं.

आठ-दहा दिवस आधी

कॅप्टनला विचारून घ्या: स्पर्धा ओपन, विमेन्स की मिक्स्ड, मैदान गवताचं, मातीचं, टर्फचं की वाळूचं, मॅच किती पॉइंटची आणि किती मिनिटांची, शनिवारी पहिली मॅच किती वाजता. पूर्ण मापाचं मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असतं. दोन टोकांना १८-१८ मीटरचे एंडझोन (इथे डिस्क झेलली की गोल), मधे ६४ मीटर, एका बाजूला सात खेळाडू. किनाऱ्यावरचा खेळ पाच-पाच जणांचा, मैदान ७५ बाय २५ मीटर. आपल्याकडे पूर्ण मैदान दरवेळी मिळतंच असं नाही, फुटबॉलच्या मैदानात बसवलेली आखूड आखणीही दिसते. वाळूवर धाव निम्मी आणि दमछाक दुप्पट, हे धरून चाला.

पूर्ण मॅच १५ पॉइंटची आणि आठव्या पॉइंटला हाफ टाइम. पण दोन दिवसांत सगळ्या टीमच्या मॅच बसवायच्या असल्यामुळे बहुतेक ठिकाणी वेळेची कॅप असते. भोंगा वाजला की चालू पॉइंट पूर्ण करायचा आणि मग पुढे असलेल्या टीमच्या स्कोअरमध्ये एक किंवा दोन मिळवून नवं लक्ष्य ठरतं. ते एक की दोन, आणि हार्ड कॅप (शेवटची वेळमर्यादा) कधी, हे स्पर्धेगणिक बदलतं. सकाळच्या कॅप्टनांच्या बैठकीत सांगतात. तुम्हाला माहीत असायला हवं, कारण १०-९ असताना पुढच्या पॉइंटने मॅच संपणार की नाही यावर लांब थ्रो मारायचा की नाही हे ठरतं.

मिक्स्डमध्ये मैदानावर स्त्री-पुरुषांचं चार-तीन असं प्रमाण असतं. पहिल्या पॉइंटला कोण चार हे टॉसवर ठरतं, पुढचे दोन पॉइंट उलट, त्यापुढचे दोन पुन्हा पहिल्यासारखे. हा हिशेब साइडलाइनवर कुणीतरी ठेवावाच लागतो. नवख्याने तो अंगावर घेतला तर सगळे दुवा देतात.

सरावात काय करायचं? नवा थ्रो शिकू नका. हॅमर (डोक्यावरून उलटी टाकायची डिस्क) मुळीच नको. रोज पंधरा-वीस मिनिटं जोडीदाराबरोबर दहा-बारा मीटरवर ५० बॅकहँड, ५० फोरहँड, आणि शेवटची पाच मिनिटं तिसऱ्याला समोर मार्क, म्हणजे थ्रोअरला अडवणारा, म्हणून उभं करून. मोकळ्यात सरळ जाणारा फोरहँड समोर हात पसरलेला माणूस आला की बिघडतो. बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सोडताना मनगट उलटतं, डिस्कची बाहेरची कड वर येते आणि ती पलटी खाऊन जमिनीत शिरते. कड थोडी खाली ठेवा, कोपर शरीराजवळ ठेवा आणि ताकद खांद्यातून न काढता मनगटाच्या झटक्यातून काढा. फिरकी कमी पडली की डिस्क थरथरते, आणि थरथरणारी डिस्क वाऱ्यात टिकत नाही.

झेल दोन्ही तळव्यांत, भाकरी थापताना असतात तसे एक वर एक खाली. डोक्याच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली आली तरच कडेने पकडा. एका हाताने झेलायचा मोह पहिल्या टूर्नामेंटपुरता घरी ठेवा. आणि डिस्क येताना थांबू नका, तिच्याकडे धावत जा. तुम्ही थांबता त्या अर्ध्या सेकंदात बचाव करणारा मधे हात घालतो.

बॅग

एक गडद आणि एक फिकट जर्सी, दोन्हींवर नंबर. दोन्ही टीम एकाच रंगात आल्या की आयत्या वेळी बदलावं लागतं. मोज्यांचे किमान चार जोड: ओल्या मोज्यात दुसऱ्या मॅचला फोड येतात आणि तिसऱ्या मॅचला तुम्ही बाहेर. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. गवतावर आणि मातीवर फुटबॉलचे प्लास्टिक स्टडवाले बूट चालतात, धातूचे स्टड नाहीत. नवे बूट टूर्नामेंटला पहिल्यांदा घालणं म्हणजे स्वतःहून दुखणं विकत घेणं. आपल्याकडच्या पुष्कळ मैदानांवर गवत नावापुरतं आणि खाली मुरूम असतो, तेव्हा लेआउट (डिस्कसाठी अंग झोकून देणं) मारण्याचा विचार करण्याआधी मैदान एकदा चालून पाहा.

शिवाय टोपी, सनस्क्रीन, डिस्क पुसायला कोरडा नॅपकिन, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, बसायला चटई किंवा ताडपत्री. प्यायला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागेल असं धरा आणि ओआरएसची पाकिटं ठेवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून ढवळलं तर प्रमाण बिघडतं आणि पोटही. लिंबू-साखर-मिठाचं सरबत चालतंच, मिठासकट.

शनिवार सकाळ

पहिल्या मॅचच्या तासभर आधी मैदानावर. न्याहारी त्याच्याही दीड-दोन तास आधी: पोहे, उपमा, इडली, केळं. मिसळ रविवारी संध्याकाळी.

वॉर्मअप २५ मिनिटांचा. हलकी धाव, मांड्या आणि नितंब मोकळे करणारे व्यायाम, दिशा बदलत छोट्या धावा, मग थ्रो. थ्रो करताना वाऱ्याकडे लक्ष द्या. गवताची चार पाती उडवा किंवा मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्याकडे बघा. समोरून वारा असेल तर डिस्क उचलली जाते, म्हणून खालून, पुढची कड किंचित झुकवून आणि जास्त फिरकीने टाका. पाठीवर वारा असेल तर ती लवकर खाली बसते. आडव्या वाऱ्यात डिस्कचं पोट वाऱ्याकडे आलं की ती पतंगासारखी वाहत जाते.

मग कॅप्टन लाइन, म्हणजे मैदानात उतरणारे सात जण, सांगतो. पुलला (पॉइंट सुरू करणाऱ्या लांब थ्रोला) कोण, फोर्स कुठला, स्टॅक उभा की आडवा. तीन शब्द ऐकलेत आणि एकही कळला नाही तर तिथेच विचारा, पॉइंट सुरू झाल्यावर विचारायला कुणी थांबत नाही.

हल्ल्यात तुमचं काम

डिस्क हाताळणारे हँडलर दोन-तीन, बाकीचे कटर. तुम्ही कटर असणार. उभ्या स्टॅकमध्ये कटर मैदानाच्या मधोमध रांगेत उभे राहतात, म्हणजे दोन्ही कडांना मोकळ्या गल्ल्या राहतात. एकाने कट मारायचा, म्हणजे मोकळ्या जागेत जोरात धावायचं, डिस्क मिळाली नाही की ताबडतोब कडेकडेने पुन्हा रांगेच्या मागे जायचं. याला क्लिअर करणं म्हणतात. नवख्यांच्या चुकांचं खरं आगर इथे आहे. कट फसला की माणूस गल्लीतच उभा राहून हात हलवत डिस्क मागतो. त्याचा बचाव करणारा शेजारीच असतो, आणि पुढच्या कटरसाठी आता गल्लीत एकाऐवजी तीन माणसं. हँडलरला टाकायला जागा उरत नाही आणि स्टॉल (मार्कची दहापर्यंतची मोजणी) चढत राहतो.

म्हणून साधा नियम: जोरात तीन-चार पावलं एकीकडे, मग दिशा मोडून पूर्ण वेगाने दुसरीकडे. दोन सेकंदांत थ्रो आला नाही तर निघा. क्लिअर करतानाचा वेग कट मारतानाच्या वेगाइतकाच हवा. सगळ्यांनी एकदम कट मारणं ही याचीच जुळी चूक. आपली पाळी नसेल तेव्हा स्टॅकमध्ये उभं राहणं हेही काम आहे, कंटाळवाणं असलं तरी.

डिस्क हातात आली की? आधी थांबा, पिव्हट (एक पाय जागेवर) रोवा, वर बघा. पिव्हटचा पाय हलला की ट्रॅव्हल. पुढे मोकळा माणूस दिसला तर द्या. स्टॉल पाच-सहावर गेला आणि काही दिसत नसेल तर मागे किंवा बाजूला वळून हँडलरला द्या. हाच रिसेट. मागे दिलेला पाच मीटरचा थ्रो कुणाला मिरवता येत नाही, पण डिस्क आपल्याकडे राहते. नऊवर पोचल्यावर घाबरून हवेत फेकलेली डिस्क म्हणजे भेट.

बचावात तुमचं काम

आट्यापाट्या खेळलेल्यांना फोर्स पटकन कळेल: सगळं अडवायचं नसतं, एक बाजू बंद करायची आणि दुसरी मुद्दाम उघडी ठेवायची. फोर्स फोरहँड म्हणजे थ्रोअरची बॅकहँडची बाजू तुम्ही बंद केलीत, आता त्याने फोरहँडच मारावा. मागे तुमचे सहा जण याच भरवशावर उघड्या बाजूला उभे आहेत. मार्कने बंद बाजूने थ्रो जाऊ दिला की सहाही जण चुकीच्या जागी सापडतात. काही टीम फोरहँड-बॅकहँड न म्हणता ‘होम’ आणि ‘अवे’ म्हणतात. होम म्हणजे बहुधा आपल्या बॅगा पडल्यात ती कड.

मार्क करताना गुडघे वाकलेले, वजन पंज्यांवर, हात खाली आणि पसरलेले. बहुतेक थ्रो कमरेखालून निघतात, डोक्यावर हात नाचवून उपयोग नाही. थ्रोअरच्या खोट्या हालचालीवर उडी मारू नका, पाय सरकवा.

मोजणी मोठ्याने: ‘स्टॉलिंग’, मग एक ते दहा, दोन आकड्यांच्या सुरुवातींत किमान एक सेकंद. थ्रोअरपासून तीन मीटरच्या आत असाल तरच मोजता येतं. ‘दहा’चा उच्चार सुरू होण्याआधी डिस्क हातातून सुटली नसेल तर स्टॉल आउट. तुमच्यात आणि थ्रोअरच्या धडात किमान एका डिस्कच्या व्यासाएवढं अंतर हवं. नाहीतर तो ‘डिस्क स्पेस’ म्हणेल. मग शेवटच्या पूर्ण उच्चारलेल्या आकड्यातून एक वजा करून पुढे मोजायचं. पाच म्हणून झालं होतं, तर ‘चार’पासून. खेळ थांबत नाही. नवखे इथे हमखास थांबतात आणि विचारात पडतात, तोवर थ्रो गेलेला असतो.

तुमचा माणूस लांब असेल तर त्याच्याकडे बघा, अधूनमधून डिस्ककडे. फक्त डिस्ककडे बघत राहिलात तर मागे वळेपर्यंत तो एंडझोनमध्ये असतो. वारा सुटला की बचाव झोनमध्ये जाईल (माणसाऐवजी जागा राखायची) आणि तुम्हाला कदाचित कपमध्ये, म्हणजे थ्रोअरभोवतीच्या तिघांच्या घेऱ्यात, टाकतील. कपमधले तिघं डिस्कमागे सतत पळतात. मार्क सोडून बाकी दोघांनी थ्रोअरपासून तीन मीटर लांब राहायचं, नाहीतर डबल टीम.

आणि टर्नओव्हर झाला, म्हणजे डिस्क समोरच्या टीमकडे गेली, की डोक्याला हात लावून उभं राहू नका. पुढचे तीन सेकंद सगळ्यात महाग असतात. आपला माणूस शोधा, गाठा, मग हळहळा.

कॉल: रडीचा डाव टाळण्याची पद्धत

संपर्क झाला आणि त्याचा खेळावर परिणाम झाला तर ज्याच्यावर झाला त्यानेच लगेच मोठ्याने ‘फाउल’ म्हणायचं. साइडलाइनवरच्यांनी नाही, टीममेटने नाही. खेळ थांबतो. मग शांतपणे, काय झालं ते दोघं एकमेकांना सांगतात. समोरचा ‘मान्य’ म्हणेल किंवा ‘कॉन्टेस्ट’. झेलताना झालेला फाउल मान्य झाला तर डिस्क झेलणाऱ्याची. एकमत नसेल तर डिस्क थ्रोअरकडे परत. आवाज चढवून काही मिळत नाही, कारण निकाल देणारा तिसरा कुणी नाहीच.

पुन्हा सुरू करताना स्टॉल कितीवर, हे पाठ करून ठेवा. बचाव करणाऱ्याची चूक मान्य झाली तर एकपासून. हल्ला करणाऱ्याची मान्य झाली तर जास्तीत जास्त नऊ. स्टॉल आउटवर वाद झाला तर जास्तीत जास्त आठ. बाकी सगळ्या वेळी, पिकसकट, जास्तीत जास्त सहा.

पिक म्हणजे तुम्ही आपल्या माणसाला तीन मीटरच्या आत राहून राखत असताना मधे दुसरा खेळाडू आला आणि तुमची वाट अडली. लगेच ‘पिक’ म्हणा. थ्रो हवेत असेल तर त्याचा निकाल लागू द्या. तुमच्या अडण्याचा त्या थ्रोशी संबंध नव्हता तर झेल टिकतो.

रेषांचं दोन ओळींत: मैदानाची बाहेरची रेषा आउट. गोल लाइन मधल्या भागात मोजतात, म्हणून तिच्यावर पाय ठेवून झेललं तर गोल नाही. पुलच्या बाबतीत: समोरून येणारा पुल हवेत हाताला लागून पडला तर टर्नओव्हर. झेलायची खात्री नसेल तर पडू द्या. पुल मैदानाला किंवा कुणाच्या हाताला न लागता थेट बाहेर गेला तर एक हात सरळ वर करून ‘ब्रिक’ म्हणायचं आणि गोल लाइनपासून १८ मीटर पुढच्या खुणेवरून सुरुवात करायची.

कॉलचे शब्द इंग्रजीच ठेवा. समोरची टीम चेन्नईची किंवा अहमदाबादची असू शकते. चर्चा कुठल्या का भाषेत होईना.

साइडलाइन आणि दोन मॅचच्या मधे

बदली फक्त दोन पॉइंटच्या मधे किंवा दुखापत झाल्यावर. गोल झाल्यापासून पुढच्या पुलपर्यंत सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ असतो, त्यात लाइन ठरते. म्हणून बूट काढून सावलीत आडवे होऊ नका. बाहेर असताना मार्कचे डोळे बना. त्याची पाठ मैदानाकडे असते. डिस्क सुटली की ‘अप’ म्हणा म्हणजे मागच्यांना वळून बघता येईल. बंद बाजूला कुणी धावतोय तर तसं सांगा. एका खेळाडूशी बोला, नाव घेऊन. सात जणांना उद्देशून ‘कम ऑन’ ओरडल्याने घसा बसतो, बाकी काही होत नाही.

मॅच संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. पुढची मॅच तासाभरात असेल तर ताट वाढून घेऊ नका. दोन तासांचं अंतर असेल तर दहीभात उत्तम. तहान लागायची वाट न बघता घोटघोट पीत राहा. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे तुम्ही मागे पडलात. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं ही लक्षणं दिसली की सावली, ओलं फडकं, ओआरएस, आणि पुढची मॅच बाहेरून. बोलणं अडखळायला लागलं किंवा भान हरपतंय असं वाटलं तर अंग गार करत थेट डॉक्टर.

घोटा मुरगळला तर त्या दिवसापुरतं थांबा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. दुखणं बधिर करणारा स्प्रे मारून पुन्हा उतरणारे पुढचे दोन महिने सरावाला येत नाहीत. डोक्याला मार बसला तर ‘बरं वाटतंय’ यावर विसंबू नका, बाहेर या. रक्त येत असेल तर जखम झाकेपर्यंत बाहेर राहणं नियमानेच बंधनकारक आहे.

स्पिरिटचे गुण

मॅचनंतर दोन्ही टीम वर्तुळ करून उभ्या राहतात, एकमेकांशी बोलतात, काही ठिकाणी छोटा खेळही होतो. त्यानंतर समोरच्या टीमला स्पिरिटचे, म्हणजे खिलाडूवृत्तीचे, गुण द्यायचे. पाच बाबी: नियमांचं ज्ञान आणि वापर, फाउल आणि अंगाला अंग लागणं, निष्पक्षपणा, वृत्ती आणि संयम, संवाद. प्रत्येकी शून्य ते चार. नेहमीच्या चांगल्या मॅचला प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण दहा. पहिल्यांदा देणारे लोक भीड पडून सगळीकडे चार टाकतात, किंवा हरल्याच्या रागात एक. दोन्हींमुळे आकड्याला अर्थ उरत नाही. दोनपासून सुरू करा आणि वर-खाली जायला प्रत्येक वेळी एक ठोस प्रसंग सांगता येतोय का बघा. गुण टीमने मिळून द्यायचे असतात, त्यामुळे तुमचंही मत मांडा. तुम्हाला कुणी मार्क केलं, त्याने मोजणी कशी केली, हे तुम्हालाच ठाऊक.

शनिवार रात्र आणि रविवार

शेवटच्या मॅचनंतर लगेच बसकण मारली की पाय आखडतात. दहा मिनिटं चाला, मग हलकं ताणा. रात्री वरण-भात किंवा खिचडी, भरपूर पाणी, आठ तास झोप. दारू आणि रात्रभराच्या गप्पा रविवार संध्याकाळवर ढकलल्या तर रविवारी दुपारी फरक दिसतो. खेळ त्याच टीमचा टिकतो जिची माणसं झोपली होती.

रविवारी बहुतेक स्पर्धांत बाद फेऱ्या किंवा क्रमांकाच्या मॅच असतात. सकाळी मांड्या लाकडासारख्या वाटतील, ते ठीक आहे. वॉर्मअप दहा मिनिटं जास्त करा. एखाद्या ठिकाणी टोचल्यासारखं दुखत असेल तर मात्र कॅप्टनला पहिल्या पॉइंटआधी सांगा, पाचव्या पॉइंटला नाही. महत्त्वाच्या मॅचला तुम्हाला कमी पॉइंट मिळतील, हे गृहीत धरा. मिळतील ते पूर्ण वेगाने खेळून धापा टाकत बाहेर या. तीन पॉइंट सलग खेळून चौथ्याला रेंगाळणाऱ्यापेक्षा कॅप्टनला असा माणूस परवडतो.

निघताना ताडपत्रीखाली, झाडामागे, समोरच्या टीमच्या तंबूत बघा. सगळ्या डिस्क पांढऱ्या, सगळ्या सारख्याच दिसतात. आतल्या बाजूला मार्करने नाव लिहिलेलं नसेल तर तुमची डिस्क आत्ता कुठल्यातरी एसटीत बसून दुसऱ्या गावाला निघाली आहे.